आयडा बी. वेल्स : बातमीदार की चळवळकर्त्या?

दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर एक पाठ आहे. तो शिकवताना काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले की, जे वृत्तपत्र चळवळीच्या माणसाने काढलेले असते, त्यातील बातमी खरी कशी मानायची? 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांची माहिती नुकतीच देऊन झाली होती. प्रश्न उद्धटपणाने विचारलेला नव्हता, आणि वर्गातील कोणी हसलेही नाही. आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर आम्हालाच पुरेसे वाटले नाही. नंतर पुष्कळ वाचन केले, आणि उत्तर शोधता शोधता अमेरिकेतील एका स्त्रीच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. आपल्या वसतिगृहाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा तेच चरित्र सांगावे असे ठरवले. ही स्त्री तेरा वर्षे शाळेत शिकवत होती, म्हणून तिला आम्ही आपल्या रीतीप्रमाणे आयडाबाई म्हणणार आहोत.

आयडा बेल वेल्स यांचा जन्म दि. १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी झाला. आईवडील गुलाम होते, म्हणून जन्मलेले मूलही कायद्याने गुलामच. यादवी युद्ध संपले, १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली, आणि वडील जेम्स वेल्स स्वतंत्र सुतार म्हणून काम करू लागले. निवडणुकीत मालकाने सांगितलेल्या पक्षाला त्यांनी मत दिले नाही. परत येऊन पाहतात तो कारखान्याला कुलूप. त्यांनी तक्रार केली नाही. नवी हत्यारे विकत घेतली आणि मालकाच्या जागेतून बिऱ्हाड हलवले. आई एलिझाबेथ स्वयंपाकाची कामे करीत. मुलांबरोबर शाळेत जाऊन त्या वाचायला शिकल्या. ज्यांच्या आजीने साक्षरता वर्गात पहिल्यांदा पाटी हाती धरली, त्यांना हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही.

१८७८ मध्ये पीतज्वराची साथ आली. आईवडील आणि धाकटा भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. आयडाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. उरलेल्या भावंडांना निरनिराळ्या घरी वाटून द्यावे असा मोठ्यांचा विचार ठरला. त्यांनी तो मोडून काढला, झगा लांब करून वय जास्त भासवले, परीक्षा दिली आणि घरापासून सहा मैलांवरच्या खेड्यात महिना पंचवीस डॉलरवर शिक्षिकेची नोकरी धरली. आठवडाभर शिकवून त्या खेचरावर बसून घरी येत, आणि मग भावंडांचे कपडे धुणे, स्वयंपाक, इस्त्री.

पुढे त्या टेनेसी राज्यातील मेंफिस शहराकडे आल्या. रेल्वेत स्त्रियांच्या डब्याचे तिकीट असूनही कंडक्टरने त्यांना उठवून धूम्रपानाच्या डब्यात जायला सांगितले. त्यांनी नकार दिला, ओढणाऱ्या हाताला चावा घेतला, आणि शेवटी तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढले. त्यांनी कंपनीवर दावा लावला. १८८४ मध्ये खालच्या न्यायालयाने पाचशे डॉलर भरपाई दिली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खर्चही त्यांच्यावर टाकला. या खटल्याची हकीकत त्यांनी एका धार्मिक साप्ताहिकात लिहिली आणि तेथून लेखन सुरू झाले. म्हणजे त्यांच्या पत्रकारितेची पहिली बातमी त्यांच्या स्वतःवर गुदरलेली होती. वार्ताहराने घटनेपासून दूर उभे राहावे असे म्हणतात. ज्याला गाडीतून ओढून काढले, त्याने नेमके कोठे उभे राहावे?

१८८९ मध्ये त्या मेंफिसच्या 'फ्री स्पीच अँड हेडलाइट' या पत्राच्या एक तृतीयांश हिश्शाच्या मालक आणि संपादक झाल्या. या पत्राची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. निरक्षर गिऱ्हाइकांना फेरीवाले दुसरेच पत्र 'फ्री स्पीच' म्हणून विकत. मग आयडाबाईंनी आपले पत्र गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. ज्याला अक्षर ओळखता येत नाही तोही रंग ओळखून पत्र घेई आणि कुणाकडून तरी वाचून घेई.

१८९१ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांविषयी लिहिले. इमारती अपुऱ्या, काही शिक्षकांच्या नेमणुका गुणांवर झालेल्या नाहीत, असा लेखाचा आशय होता. त्या स्वतः त्याच शाळाखात्याच्या नोकर होत्या. लेख भागीदाराच्या नावाने जावा असे त्यांनी सुचवले. त्याने मानले नाही. लेख छापला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. त्यांना अधिक लागले ते हे की, ज्यांच्या मुलांसाठी लिहिले ते पालकही त्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. येथे आमचीही एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, पूर्वीच्या एका शाळेत पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गांविषयी आम्ही एका दैनिकाला पत्र लिहिले होते. पाकीट बंद केले, तिकीट लावले आणि पेटीत टाकले नाही. ते पुष्कळ दिवस आमच्या कपाटात होते. त्यामुळे या प्रसंगावरून आम्ही पटकन पुढे जाऊ शकत नाही.

आता १८९२. मेंफिसच्या एका वस्तीत टॉमस मॉस आणि त्यांच्या सोबत्यांनी 'पीपल्स ग्रोसरी' नावाचे किराणा दुकान भागीदारीत काढले होते. मॉस दिवसा टपाल वाटत. आयडाबाई त्यांच्या मुलीच्या धर्ममाता होत्या. समोरच एका गोऱ्या दुकानदाराचा धंदा होता, आणि आजवर त्याला कोणी प्रतिस्पर्धी नव्हता. मुलांच्या गोट्यांच्या खेळातून भांडण झाले, ते मोठ्यांपर्यंत गेले. रात्री साध्या वेशातील सशस्त्र माणसे दुकानात शिरली, आतून गोळ्या सुटल्या, काही जण जखमी झाले. धरपकड झाली. दि. ९ मार्च रोजी पहाटेपूर्वी जमावाने तुरुंगातून मॉस, केल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघांना काढले, रुळाच्या वाटेने शहराबाहेर नेले आणि गोळ्या घातल्या. खटला नाही, न्यायाधीश नाही. अमेरिकेत याला लिंचिंग म्हणत. आपल्याकडे आता झुंडबळी हा शब्द आहे. दुसऱ्या दिवशी तेथील एका गोऱ्या वृत्तपत्रात मृत्यूचा इतका बारीक तपशील आला की, लिहिणारा तेथे हजर असल्याखेरीज तो मिळणे शक्य नव्हते. त्या वार्ताहराला कोणी चळवळ्या म्हटले नाही. तो पाहत होता आणि लिहीत होता, एवढेच. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाची दुसरी बाजू येथे आहे, आणि ती आम्हाला वर्गात सुचली नव्हती.

आयडाबाई त्या दिवशी नॅचेझला होत्या. परत आल्यावर त्यांनी अग्रलेख लिहिला. जे शहर आपल्या जिवाचे आणि मालमत्तेचे रक्षण करीत नाही ते सोडून जावे, असा सल्ला त्यात होता. मॉस यांचा अखेरचा निरोपही पश्चिमेकडे निघून जावे असाच छापून आला होता. लोक खरोखरच निघाले. हजारोंनी घरे सोडली. जे राहिले त्यांनी ट्रामगाड्यांत बसणे बंद केले. सहा आठवड्यांत ट्राम कंपनीचे अधिकारी 'फ्री स्पीच'च्या कचेरीत आले आणि लोकांना समजवा म्हणून विनंती करू लागले. आयडाबाईंनी ती मुलाखत जशीच्या तशी पत्रात छापली. एवढ्यावर वार्ताहराचे काम संपले असे कोणी म्हणेल. पण पुढच्या रविवारी त्या शहरातील दोन मोठ्या चर्चमध्ये गेल्या आणि ट्रामवरचा बहिष्कार चालू ठेवावा असे सांगून आल्या. गोरी पत्रे ओक्लाहोमाकडे गेलेल्यांच्या हालांच्या बातम्या छापू लागली, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या, सुमारे तीन आठवडे फिरल्या आणि पाहिलेले लिहून पाठवले. चर्चमधील भाषण म्हणजे चळवळ आणि ओक्लाहोमाची वार्तापत्रे म्हणजे पत्रकारिता, अशी वाटणी करायला बसले तर ती करता येते. पण ज्या कुटुंबाला घरदार विकून निघायचे की नाही हे ठरवायचे होते, त्याला दोन्ही हवे होते. आणि ओक्लाहोमाची बातमी खोटी निघाली असती तर ते कुटुंब रस्त्यावर आले असते. चळवळीच्या बातमीदाराला खोटे परवडत नाही, कारण त्याची किंमत त्याचेच लोक मोजतात.

त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी आणखी एक लहानसा अग्रलेख लिहिला. कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार करतात म्हणून जमाव चिडतो, ही सबब आता कोणालाच पटत नाही, असे त्यात सुचवले होते. काही संबंध स्त्रीच्या संमतीने असतात, हाही इशारा होता. लेखक पुरुष असावा असे समजून शहरातील पत्रांनी त्याला भयंकर शिक्षेच्या धमक्या दिल्या. दि. २७ मे १८९२ रोजी कचेरीची मोडतोड झाली. भागीदार जीव घेऊन पळाला. आयडाबाई त्या वेळी ईशान्येकडे प्रवासात होत्या, म्हणून वाचल्या. परत आल्यास ठार करू असा निरोप मिळाला. छापखाना गेला आणि शहरही गेले.

न्यू यॉर्कच्या 'एज' या कृष्णवर्णीयांच्या पत्राचे संपादक टी. टॉमस फॉर्च्यून यांनी त्यांना जागा दिली. दि. २५ जूनच्या अंकात पहिल्या पानावर त्यांचा दीर्घ लेख आला आणि त्या अंकाच्या दहा हजार प्रती काढल्या गेल्या. न्यू यॉर्क आणि ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी ऑक्टोबरात सभा भरवून पाचशे डॉलर जमवले, त्यातून 'सदर्न हॉरर्स' ही पुस्तिका निघाली. १८९५ मध्ये 'द रेड रेकॉर्ड' आले.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या पुस्तिकांची पद्धत आम्हाला विशेष वाटते. आयडाबाईंनी आकडे घेतले ते मुख्यतः 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्या दैनिकाच्या वार्षिक यादीतून. हकीकती घेतल्या त्या दक्षिणेतील गोऱ्या वृत्तपत्रांतून, म्हणजे विरोधकाच्या घरातून. शक्य तेथे त्या स्वतः गेल्या, लोकांना भेटल्या, नावे व स्थळे नोंदवली. १८९२ या एका वर्षात २४१ जणांची अशी हत्या झाली आणि त्यांत १६० कृष्णवर्णीय होते, हे त्या यादीतले आकडे. आधीच्या आठ वर्षांतील ७२८ कृष्णवर्णीय बळींपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. बाकीच्यांवर चोरी, भांडण, उद्धटपणा असले काहीबाही, किंवा काहीच नाही. आपला शब्द पुराव्यात धरला जाणार नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी असा पुरावा उभा केला की तो नाकारण्यासाठी विरोधकाला स्वतःचेच वृत्तपत्र खोटे ठरवावे लागावे.

हीच हकीकत समुद्र ओलांडून गेली तेव्हा तिचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील स्ट्रीट या गावी कॅथरीन इंपी नावाच्या क्वेकर पंथीय बाई १८८८ पासून एक छोटे मासिक काढीत. त्याचे नाव होते 'अँटी-कास्ट'. रंगावरून माणसाला खालचा ठरवण्याच्या प्रथेला त्यांनी कास्ट, म्हणजे जात, हा शब्द लावला होता. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. आपल्या दुःखाला त्यांनी तिकडचा शब्द घेतला, आणि त्यांच्या दुःखाला इंपीबाईंनी आपल्याकडचा. इंपीबाई आणि अॅबर्डीनच्या इझाबेला मेयो यांच्या निमंत्रणावरून आयडाबाई १८९३ मध्ये ब्रिटनला गेल्या. दौरा चांगला चालला असता दोन यजमानीणींत बिनसले. सिलोनहून शिकायला आलेल्या एका तरुणाविषयी इंपीबाईंच्या मनात प्रेम उपजले आणि त्यांनी ते पत्रात लिहिले, हे मेयोबाईंना मुळीच सहन झाले नाही. इंपीबाईंचा निषेध करा असा आग्रह त्यांनी धरला. आयडाबाईंनी नकार दिला आणि त्यांचा पाठिंबा गमावला. जात मोडायला निघालेले लोकही लग्नाच्या उंबरठ्यावर कसे अडखळतात, हे बाबासाहेबांच्या वाचकांना नवे नाही.

त्याच उन्हाळ्यात शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्मपरिषदेत अनागारिक धम्मपालांनी बुद्धाचा धम्म सांगितला, हे आपल्या शाळेतील मुलांना माहीत असते. त्याच प्रदर्शनात अमेरिकेच्याच कृष्णवर्णीयांना मानाची जागा नव्हती. आयडाबाईंनी वयोवृद्ध नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या साहाय्याने या वगळण्याची कारणे सांगणारी पुस्तिका काढली आणि हैती देशाच्या दालनात बसून ती वाटली.

१८९४ च्या दुसऱ्या ब्रिटन दौऱ्यात त्या 'शिकागो इंटर ओशन' या गोऱ्यांच्या दैनिकाच्या वार्ताहर म्हणून गेल्या. रोज सभेत बोलायचे आणि त्या सभांची वार्तापत्रे स्वतःच लिहून पाठवायची. आजच्या पत्रकारितेच्या वर्गात ही गोष्ट चालणार नाही, आणि हा आक्षेप आम्ही खोटा म्हणत नाही. त्यांची भाषणे मात्र संथ असत. नाव, गाव, तारीख, आरोप. ब्रिटिश श्रोत्यांवर त्याचा परिणाम झाला, लंडनमध्ये झुंडबळीविरोधी समिती स्थापन झाली. ज्या मजकुरासाठी मेंफिसमध्ये छापखाना मोडला गेला, तोच लंडनच्या दैनिकांत आदराने छापला जात होता. याचे श्रेय ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीला सगळेच देऊ नये. हिंदुस्थानात त्यांचेच राज्य होते, आणि दूरच्या देशाचे पाप पाहून हळहळणे नेहमीच सोपे असते. आयडाबाईंनी त्या हळहळीचा उपयोग करून घेतला, कारण मेंफिसचा कापूस ब्रिटनच्या गिरण्यांत जात होता. अमेरिकन पत्रांनी त्यांना देशाची बदनामी करणारी म्हणून हीन शब्दांत शिव्या दिल्या. पण त्याच वर्षी मेंफिसजवळ सहा कृष्णवर्णीय कैद्यांना मारण्यात आले तेव्हा, १८९२ मध्ये गप्प बसलेल्या मेंफिसच्या व्यापाऱ्यांनी आणि पत्रांनी निषेध केला व विधवांसाठी वर्गणीही जमवली. बातमीचा परिणाम मोजायचा तर तो असा, पण तिघांचे आणि सहांचे प्राण गेल्यावर.

१८९५ मध्ये शिकागोचे वकील आणि 'कॉन्झर्व्हेटर' पत्राचे संस्थापक फर्डिनांड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माहेरचे नाव त्यांनी सोडले नाही. चार मुले झाली. पहिल्या बाळाला घेऊन त्या प्रचारसभांना जात.

१९०९ च्या नोव्हेंबरात इलिनॉय राज्यातील केरो गावी विल जेम्स या कैद्याला जमावाने शेरीफच्या ताब्यातून ओढून नेऊन मारले आणि जाळले. १९०५ च्या कायद्यानुसार, कैदी असा मारला गेल्यास शेरीफचे पद जाई. निष्काळजीपणा झाला नाही हे सिद्ध केल्यासच ते परत मिळे. शेरीफ डेव्हिसने अर्ज केला. आयडाबाईंना जायचे नव्हते, त्या थकल्या होत्या. पती आणि थोरला मुलगा यांनी आग्रह केला म्हणून गेल्या. केरोला पोचल्यावर कळले की तेथील काही कृष्णवर्णीयांनीच शेरीफला चांगला माणूस म्हणून पत्रे दिली आहेत. त्या घरोघर फिरल्या, सभा घेतली, हकीकत नोंदवली, सह्या गोळा केल्या. स्प्रिंगफील्डला सुनावणीत शेरीफच्या बाजूने वकील आणि प्रतिष्ठितांची अर्जपत्रे, आणि दुसऱ्या बाजूला त्या एकट्या. गव्हर्नर डिनीन यांनी शेरीफला परत घेतले नाही. ज्या टिपणांवर एरवी पुस्तिका झाली असती, त्यांवर येथे एका अधिकाऱ्याचे पद गेले. टिपणे त्याच पद्धतीची होती.

त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना उभी राहत होती, तिच्या चाळीस जणांच्या पहिल्या यादीतून त्यांचे नाव गळले. यादी वाचून दाखवली ती ड्यू बॉइस यांनी, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. नाव पुढे घातले गेले, पण सल राहिला. आयडाबाईंचा स्वभाव तडजोडीचा नव्हता, हेही खरे. सहकाऱ्यांना त्या कठीण वाटत. १९१३ च्या वॉशिंग्टनमधील स्त्रीमताधिकाराच्या मिरवणुकीत कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे असे सुचवले गेले, तेव्हा त्या गर्दीतून येऊन आपल्या राज्याच्या तुकडीत सामील झाल्या.

१९१९ मध्ये आर्कान्सॉ राज्यात कापसाला योग्य भाव मिळावा म्हणून संघटित होणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांवर हल्ला होऊन मोठे हत्याकांड झाले, आणि फाशीची शिक्षा झाली ती बारा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनाच. १९२० च्या प्रारंभी आयडाबाई लिटल रॉकच्या तुरुंगात कैद्यांच्या बायकांबरोबर नातेवाईक म्हणून शिरल्या. इकडे मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक त्याच सुमारास, दि. ३१ जानेवारीला, निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तुरुंगात कैदी मरणाची आणि परलोकाची गाणी गात होते. आयडाबाईंनी त्यांना सांगितले की मरणाची भाषा सोडा, सुटकेची धरा. मग प्रत्येकाकडून हकीकत घेतली, आणि कोणाचा किती एकर कापूस, किती मका, किती जनावरे लुटली गेली हेही टिपून घेतले. त्यातून पुस्तिका झाली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यामागे अनेक वकिलांचे कष्ट होते. १९२५ पर्यंत सर्व बारा जण सुटले. त्यांतील एक जण पुढे शिकागोला त्यांच्या घरी आभार मानायला आला.

१९३० मध्ये त्यांनी राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवली आणि हरल्या. दि. २५ मार्च १९३१ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. १८९२ नंतर काँग्रेसमध्ये झुंडबळीविरोधी विधेयके किती आली आणि पडली याची गणती मोठी आहे. कायदा झाला तो २०२२ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी पुलित्झर पुरस्काराच्या मंडळाने त्यांच्या वार्तांकनाबद्दल त्यांचा मरणोत्तर विशेष गौरव केला.

शेवटची काही वर्षे त्या आत्मचरित्र लिहीत होत्या. ते एका वाक्याच्या मध्येच थांबले आहे. धाकटी मुलगी आल्फ्रेडा हिने ते कागद जपले, संपादित केले आणि वर्षानुवर्षे प्रकाशक शोधला. पुस्तक छापून आले तेव्हा १९७० साल उजाडले होते.